उसन्या गायी

न्याबिसाझी टेकडी
१४ नोव्हेंबर १९९३

मापाच्या दोरीचं एक टोक कालिस्तच्या हातात आहे, दुसरं माझ्या पायाखाली, आणि तो ओढतो तेव्हा माझं पेन घसरतं. तेव्हा अक्षराला हसू नका, भावजी. हसायचं असेल तर इथे येऊन हसा.

माझ्या या नातवाचं, कालिस्तचं, लग्न ठरलं. मुलगी दरीपलीकडची, फेब्रोनी नावाची. दात थोडे पुढे आहेत, पण हसताना ती ते लपवत नाही, म्हणून मला आवडली. दोघांसाठी माझ्या घराला लागून घर बांधायचं आहे, मोठ्या उंबराखाली, जिथे तुम्ही आणि माझे हे बसून माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायचात. लाकडं तोडायला शेजारी तयार आहेत. खुंट्या तासून ठेवल्या आहेत. अडलंय ते फक्त तुमच्या बुडावाचून.

करकोच्याच्या कुळाने घर बांधायचं तर बिबट्याच्या कुळातल्या माणसाने आधी त्या जमिनीवर बसायला हवं, घरच्यांना तोंडावर वाटेल ते बोलायला हवं, आणि मग त्यांच्याच मडक्यातून, त्यांच्याच नळीने त्यांच्याबरोबर प्यायला हवं. तोवर खुंटी ठोकायची नाही. माझ्या लग्नात तुम्ही मला इतकं बोललात की माझी आई रडायला लागली आणि सासरे म्हणाले, हाच आमच्या घरचा खरा उमुसे, जागा बसून देणारा.

टेकडीवर दुसरा बिबट्या नाही असं नाही. बुचुमी आहे. पण तो शिवी देण्याआधी परवानगी मागतो. त्याने बसून दिलेल्या जागेवरचं घर पहिल्या वाऱ्यात माफी मागत खाली बसेल.

डोनातला सांगा, बाप उसना नेला होतास, आता परत कर. आणि गुडघ्याचं कारण देऊ नका. बसायला बोलावलंय, नाचायला नाही.

कंकिंदी

*

किगाली
२ डिसेंबर १९९३

वहिनी,

तुमचं पत्र बसच्या कंडक्टरने आणून दिलं आणि म्हणाला, "आजोबा, म्हातारी फार तिखट आहे." मी म्हटलं, "फोडून वाचलंस होय रे?" तर म्हणाला, "नाही. पत्र घ्यायला उशीर केला म्हणून मला जे बोलली त्यावरून."

मुलाच्या घरी मी ठीक आहे. सकाळी पाव मिळतो, जो खाल्ल्यावर खाल्ल्यासारखं वाटत नाही. सून जुडित गुणी आहे. माझ्या विनोदांना हसते, पण आधी डोनातकडे बघून. घरात सगळ्यांना वेगळ्या खुर्च्या आहेत, त्यामुळे कोणाला ढकलून बसायची सोय नाही.

येणार. पण नाताळानंतर, कारण मी आता कामाचा माणूस झालोय. हसू नका.

शेजारच्या लग्नात मी मुलाकडचा बोलणारा होतो. मुलीच्या बापाला असा सोलला की तो मागत होता दोन गायी आणि उठला एक घेऊन, वर माझ्या पाया पडून. तिथे डोनातचा मित्र होता, व्हेन्युस्त. पोरगा नव्या रेडिओवर बोलतो. म्हणाला, "आजोबा, असं बोलणारं माणूस आम्हाला हवंय. लोकांना जुन्या टेकड्यांवरची थट्टा ऐकवा." मोटारीने नेलं. खोलीच्या भिंतींना गोधड्या मारल्यासारखं काहीतरी आहे; बोललेलं परत येतच नाही. प्रत्येकापुढे बिअरची वेगळी बाटली ठेवली. मी विचारलं, "का रे, आपण भांडलोय का?" ते पोट धरून हसले. मला वाटतं तो विनोद नव्हता.

गोष्ट कोणाची सांगितली असेल? तुमचीच. तुम्ही हजारदा ऐकली आहे, पण या वेळी कशी सांगितली ते बघा.

गोऱ्यांचा कारकून टेकडीवर माणसं आणि गायी मोजायला येणार अशी दवंडी आली. माझ्या बापाने हिशेब केला: गायी मोजल्या की कर लागणार. पहाटेच त्याने सगळ्या गायी तुमच्या सासऱ्यांच्या गोठ्यात हाकलल्या. "एक दिवस सांभाळ बाबा." सासऱ्यांच्या स्वतःच्या गायी मोजक्याच, त्यातली एक लंगडी. कारकून आला. एवढ्या गायी बघून त्याने टोपी काढली. जन्मात पहिल्यांदा कोणी आपल्यापुढे टोपी काढली म्हणून सासऱ्यांची छाती फुगली. "सगळ्या माझ्या," म्हणाले. "लंगडीसुद्धा." दहाच्या वर गायी, म्हणून कारकुनाने कागदावर लिहिलं: तुत्सी. मग तो आमच्या दारी आला. माझा बाप फाटकं पांघरून कण्हत बसलेला, गोठा रिकामा. लिहिलं: हुतू. संध्याकाळी गायी आपापल्या वाटेने आमच्याकडे परत आल्या. कागद मात्र जिथल्या तिथे राहिले. ते तुमच्या नवऱ्याला आले, कालिस्तला आले. मला आलं माझ्या बापाचं कण्हणं.

व्हेन्युस्त खुर्चीवरून पडायचाच राहिला. सगळं फितीवर घेतलंय. रविवारी लावणार. रेडिओ असेल त्याच्याकडे जाऊन ऐका, आणि चांगले कपडे घाला. तुम्ही आता प्रसिद्ध आहात.

सेंबागारे

*

न्याबिसाझी
२० डिसेंबर १९९३

प्रसिद्ध भावजी,

ऐकलं. मेंबर रुहाराने आपला रेडिओ माझ्या अंगणात आणून उंबराच्या फांदीला लटकवला. तोच रुहारा, जो शनिवारी सगळ्यांना रस्त्याच्या कामाला लावतो आणि स्वतः उभा राहून माती कुठे टाकायची ते बोटाने दाखवतो. अर्धी टेकडी जमली. तुमचा आवाज आला तेव्हा फेब्रोनीने रेडिओच्या मागे जाऊन बघितलं. लंगड्या गाईपाशी तर मी इतकी हसले की माझी दाढ दुखायला लागली.

पण शेवट कुठे गेला, भावजी?

इथे तुम्ही ही गोष्ट सांगायचात तेव्हा ती गायी परत येण्यावर संपत नसे. तुम्ही म्हणायचात, "तर मंडळी, यांचा म्हातारा बढाईखोर, माझा बाप लबाड, आणि कारकून गाढव. आणा ती नळी." मग तुम्ही प्यायचात आणि नळी माझ्या ह्यांच्याकडे द्यायचात. तिथे गोष्ट संपायची. रेडिओवर तुमचा बाप लबाड नव्हता. कारकूनही गाढव नव्हता. कागदांपाशी तुमचा आवाज थांबला आणि दुसरा एक आवाज आला, तरणा, गोड. तो म्हणाला, "ऐकलंत? साठ वर्षं हे लोक उसन्या गायींवर मोठे झाले. आता उसनं कधी फेडणार?"

सगळे हसले. मीही हसले, हसण्याच्या ओघात. मग लक्षात आलं, हे वाक्य तुमचं नाही.

तेव्हापासून मुलं मला "उसनी आजी" म्हणतात. चांगलं नाव आहे, मला लागत नाही. पण लाकडं तोडणाऱ्यांपैकी एकाला ताप आला, एकाच्या सासूला ताप आला, आणि तिसरा म्हणतो कुऱ्हाड हरवली. त्याची कुऱ्हाड त्याच्या खांद्यावर होती. मी म्हटलं, "सापडली की सांग."

लवकर या. थट्टा करणाऱ्याने समोर बसायचं असतं. तुम्ही बोलून गेलात आणि तुमची जागा रिकामी आहे, म्हणून वाटेल तो तिथे येऊन बसतोय.

कंकिंदी

*

किगाली
९ जानेवारी १९९४

वहिनी,

करकोच्याने बिबट्याच्या थट्टेवर रागावणं रीतीविरुद्ध आहे. दंड: एक मडकं ज्वारीची दारू, घट्ट, तुमच्या नेहमीच्या पाणीदारसारखी नको. मी आलो की वसूल करीन.

शेवटाचं मी व्हेन्युस्तला विचारलं. म्हणाला, "आजोबा, गाण्याची वेळ झाली होती, कापावं लागलं." रेडिओवर सगळं घड्याळावर चालतं. तो पोरगा वाईट नाही. मला रस्ता ओलांडताना हात धरतो. बोलतो तेव्हा पुढचा शब्द ऐकावासा वाटतो, हे मी बोलणारा माणूस म्हणून सांगतो. थोडं तिखट बोलतो, पण तरुण आहे, आणि लढाई चाललेली. उत्तरेकडून, सरहद्दीपलीकडे गेलेल्या तुत्सींचे बंदूकवाले येतात म्हणून सगळेच तिखट झालेत. शहरात लोक रेडिओ कानाला लावून चालतात. न्हावी केस अर्धे कापून थांबतो.

मी आणखी तीन गोष्टी सांगितल्या. तुमच्या बकरीची, जी चर्चमध्ये भर मिस्सेत शिरली. तुमच्या सासूची आणि बिशपच्या चपलांची. व्हेन्युस्तला तुमची टेकडी फार आवडली आहे. एवढ्या बारकाईने विचारतो की मलाच घरची आठवण येते. घर कुठे? चर्चमागे. रस्त्यावरून दिसतं का? उंबर दिसतो, उंबराखाली घर. घरात कोण? म्हातारी आणि नातू. हे सगळं तो रेडिओवर सांगतो तेव्हा मला डोळ्यांपुढे दिसतं. गोष्ट जिवंत करायची असेल तर जागा नीट सांगावी लागते, हे मी त्याला शिकवलं.

गुडघा अजून बोलतो. ईस्टरला येतो, नक्की. ज्याने मला गाय दिली त्याची शपथ.

सेंबागारे

*

न्याबिसाझी
२ फेब्रुवारी १९९४

भावजी,

दंडाची दारू करता आली नाही. ज्वारी जळाली. दिवा कलंडला, आणि त्या दिव्याला भूक फार. ज्वारी खाल्ली, घेवडा खाल्ला, घराचं छप्पर खाल्लं. भिंती राहिल्या. त्या मातीच्या असल्याने दिव्याला आवडल्या नसाव्यात. कालिस्त आणि मी सध्या चर्चच्या कोठारात झोपतो. फादर घोरतात; भिंतीपलीकडून ऐकू येतं. देवाच्या घरीसुद्धा शेजारी चांगले मिळत नाहीत.

तुम्ही आमच्या लग्नात करून दिलेलं बाकडं वाचलं. ते अंगणात होतं. आम्हीही अंगणात होतो.

तुम्ही रेडिओवर खूण नीट सांगता. मधून मधून पाहुणे येतात, लांबचे, ज्यांना मी कधी पाहिलं नाही. त्यांना रस्ता विचारावा लागत नाही. उंबर बघतात, एकमेकांकडे बघून हसतात, "लंगडी गाय कुठे आहे?" असं विचारतात. मी सांगते, "बसा, आणते." बसत नाहीत. तेवढंच वाईट वाटतं. आपल्याकडे शिवी देणारा बसतो.

आता नवं घर लवकर हवं हे तुम्हालाही पटेल. पण खूण सांगणं जरा कमी करा. उंबराला लाज वाटते.

कंकिंदी

*

किगाली
२६ फेब्रुवारी १९९४

वहिनी,

तुमच्या घरी दिवा कधी होता?

मी विचार करत बसलो. तुमच्या लग्नापासून मी सांगत आलोय की कंकिंदीच्या घरी अंधार पडला की काजव्याला जेवायला बोलावतात, कारण तेलाला पैसे पडतात. तुमच्या तेराव्या चुलत मेव्हण्यालाही हा विनोद पाठ आहे. तुमच्याकडे दिवा नाही. दिवा कलंडला हे वाचून मी आधी हसलो, आणि हसता हसता थांबलो. जुडित म्हणाली, "बाबा, काय झालं?" मी म्हटलं, "काजवा कलंडला." तिला कळलं नाही. मग कळलं. ती स्वयंपाकघरात गेली.

मी चालत रेडिओवर गेलो. व्हेन्युस्त म्हणाला, "या आजोबा, टेकडीची काय खबर?" मी म्हटलं, "आज शेवट सांगायला आलोय." तो म्हणाला, "शेवट लांबतो." मी म्हटलं, "लांबू दे." त्याने मला बसवलं. त्याला वाटलं असेल, म्हातारा आहे, बोलेल आणि दमेल.

फीत नव्हती, थेट लोकांना ऐकू जात होतं. मी म्हटलं, "माझा बाप लबाड होता. करासाठी गायी लपवल्या. कारकून गाढव होता, गायी मोजून माणसांची जात ठरवली. आता हा माझ्यासमोरचा व्हेन्युस्त. याच्या आजाने त्या दिवशी बकऱ्या लपवल्या असतील की गायी, हे याला ठाऊक नाही. याचं नाक बघा. गोरे जात ठरवायला नाकंही मोजत; याचं मोजलं असतं तर दोन कागद करावे लागले असते." मी त्याच्या नाकावर चांगला वेळ बोललो. उत्तम बोललो, वहिनी. तुमच्या लग्नापेक्षा चांगलं. मग मी त्याची बाटली उचलली, एक घोट घेतला आणि त्याच्यापुढे धरली.

त्याने घेतली नाही.

काचेपलीकडे कोणी हसलं नाही. माझ्या जन्मात माझ्या विनोदावर कोणी हसलं नाही असं पहिल्यांदा झालं. गाणं लावलं. मला दारापर्यंत सोडायला कोणी आलं नाही, रस्ता माझा मीच ओलांडला.

संध्याकाळी डोनात घरी आला तो पांढरा पडून. "बाबा, तुम्हाला कळतं का तुम्ही काय केलंत? माझी नोकरी, मुलं." मी म्हटलं, "कळतं. उशिरा कळलं." तो म्हणाला, "आता घराबाहेर पडायचं नाही. आणि त्या टेकडीवर तर अजिबात नाही." या आठवड्यात शहरात दोन दिवस गोळ्यांचे आवाज होते. चौकात पोरं बसून येणाऱ्याजाणाऱ्यांचे ओळखपत्राचे कागद बघतात, कोणाच्या कागदावर काय लिहिलंय ते. त्यांतल्या एकाला मी म्हटलं, "वाचता येतं का रे?" त्याने कागद उलटा धरला होता.

एक युक्ती सुचली आहे. गायी अदलाबदल झाल्या तशी कागदांची करू. माझा कागद तुम्ही घ्या. फोटोत मिशी आहे, पण तुम्हाला ती अगदीच वाईट दिसणार नाही, अंधारात.

येतो. आता गुडघ्याला कोणी विचारत नाही.

सेंबागारे

*

न्याबिसाझी
१८ मार्च १९९४

भावजी,

मिशीबद्दल आभार. माझी स्वतःची येतेच आहे, तुमची ठेवा.

तुम्हाला येण्याचं कारण उरलं नाही. मी दुसरा बिबट्या शोधला. बुचुमी नाही, पलीकडच्या टेकडीवरचा एक, तरणाबांड. तो येऊन बसला, भरपूर बोलला, नळीने प्यायला आणि तिथेच झोपला. खुंटी ठोकून झाली. काम झालं.

कालिस्तला मी नदीपलीकडे पाठवलं, माझ्या बहिणीकडे. फेब्रोनीच्या बापाने निरोप धाडला, लग्न पुढे ढकलू, सध्या दिवस चांगले नाहीत. बापाला नावं ठेवत नाही. त्याच्याही घराला छप्पर आहे.

रुहारा मेंबर वाटेत दिसला की दुसऱ्या अंगाने जातो. माणूस दुष्ट नाही हो. परवा त्याला गाठलं आणि विचारलं, "रुहारा, तुझ्या वेळच्या बाळंतपणाला तुझ्या आईजवळ कोण होतं?" म्हणाला, "तुम्ही." मी म्हटलं, "मग रस्ता का बदलतोस?" तर म्हणाला, "वरून सांगितलंय." मी विचारलं, "रस्ता बदलायला सांगितलंय?" तो म्हणाला, "अजून काही सांगितलेलं नाही. सांगतील म्हणून तयार राहायला सांगितलंय." त्याला स्वतःलाच हे ऐकून विचित्र वाटलं असावं, कारण तो थांबला. मग गेला. शनिवारी माती उचला म्हटलं की उचलतात, कुठली ते विचारत नाहीत. ही सवय मी लहानपणापासून बघते. तेव्हा त्याचं हसू यायचं.

तेव्हा तुम्ही डोनातचं ऐका. पाव खा. जुडितला हसवा, तिने डोनातकडे बघायच्या आधी.

कंकिंदी

*

न्याबिसाझी
बुधवार, ६ एप्रिल १९९४, संध्याकाळ

डोनात, जुडित,

काल मी साखर आणायला बाहेर पडलो तो इथे पोचलो. रागवा. साखर आणलेली नाही.

कंकिंदीने मला खोटं लिहिलं होतं, आणि ते मला वाचतानाच कळलं होतं. पलीकडच्या टेकडीवर बिबट्याच्या कुळाचं एकही घर नाही. मला नाही ठाऊक तर कोणाला असणार? तिने ते एवढ्या आत्मविश्वासाने लिहिलं की मीच क्षणभर त्या तरण्या बिबट्यावर जळलो.

बसमधून उतरलो तेव्हा ती उंबराखाली माझ्या बाकड्यावर बसली होती, शेंगा सोलत. मागे काळ्या भिंती. मला बघून उठली नाही. म्हणाली, "उशीर केलात. मडकं कालच भरायला घेतलं." मी म्हटलं, "मी येणार हे कोणी सांगितलं?" ती म्हणाली, "येऊ नका असं लिहिलं होतं ना मी."

कालिस्त नदीपलीकडे गेलेलाच नाही. तो घेवड्याच्या वेलामागून बाहेर आला. आणि मागून फेब्रोनी, डोक्यावर पाण्याचं भांडं. तिच्या बापाने लग्न पुढे ढकललं, तिने नाही. दात खरंच पुढे आहेत. हसू खरंच मोकळं आहे.

आज सकाळी मी जागेवर बसलो. गुडघा वाजला तो खालच्या वाटेपर्यंत ऐकू गेला असेल. मग बोललो. "अरे करकोच्यांनो, एका पायावर झोपणाऱ्यांनो, तुमच्या घराला दार कशाला हवं? चोर आला तर तुम्हीच त्याच्याकडे काहीतरी उसनं मागाल." असं बराच वेळ. कंकिंदी चेहरा न हलवता ऐकत होती, रीतीप्रमाणे. तिचे खांदे मात्र हलत होते.

वाटेवर लोक थांबले. आधी लांब. बुचुमी आला आणि विचारलं, "मीही बसू का?" मी म्हटलं, "गाढवा, विचारतोस काय." मग कुऱ्हाड हरवलेला आला, खांद्यावर कुऱ्हाड. सगळ्यात शेवटी रुहारा, कुंपणाबाहेर, आत नाही. मी गायींची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून. लंगड्या गाईपाशी ते हसले. माझ्या बापाच्या कण्हण्यापाशी जास्त हसले. शेवटी मी म्हटलं, "यांचा म्हातारा बढाईखोर, माझा बाप लबाड, कारकून गाढव. आणि मी रेडिओवर बसून शेवट विसरलो, तो चौथा." कोणी हसलं नाही. मग कंकिंदी हसली, आणि सगळे.

मी नळीने प्यायलो आणि नळी तिला दिली. तिने कालिस्तला, कालिस्तने बुचुमीला. कुंपणापर्यंत गेली. रुहाराने हात पुढे केला, मागे घेतला, मग प्यायला. एकच घोट. दारू पाणीदार होती.

कालिस्तने खुंटी ठोकली. सरळ गेली.

मी काही दिवस इथेच राहतो. भिंती उभ्या राहीपर्यंत उमुसेने जवळ असलेलं बरं. मी तिच्या अंगणात बसलेला असलो तर येणाऱ्यांना आधी माझ्याशी बोलावं लागेल, आणि बोलण्यात मला अजून कोणी हरवलेलं नाही. माझा कागद खिशात आहे. वेळ पडली तर दाखवीन आणि बापाच्या कण्हण्याची गोष्ट सांगेन.

तुम्ही चौकातून जाऊ नका. मुलांना माझ्याकडून चिमटा.

बाबा

डोनात, तुझा बाप मी उसना घेतला आहे. घर झालं की परत पाठवते. लंगडतोय, पण तो माझ्याकडे आला तेव्हाच तसा होता. — कंकिंदी

गुरुवार, सकाळ. पत्र टाकायला खाली रस्त्यावर गेलो. बस आली नाही. रुहाराच्या रेडिओवर कोणी बोलत नव्हतं, विनोद नाही, गाणी नाहीत, फक्त संथ वाद्यं वाजत होती, आणि मध्ये एक आवाज सांगत होता की रात्री राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं, ते गेले, सगळ्यांनी आपापल्या घरी थांबावं. रुहारा माझ्याकडे बघत नव्हता. मी पत्र घेऊन वर परत आलो आणि खुंटीशेजारी बसलो.